सवय आणि वळण : फ्लॅनरी ओ'कॉनर हिच्या लेखनाविषयी

२०२० सालच्या मार्च महिन्यात आपल्या चर्चची दारे भाविकांसाठी बंद झाली, तेव्हा दुःखाबरोबरच एक चोरटा विचारही माझ्या मनात डोकावला, हे मी कबूल करतो. लग्ने नाहीत, सभा नाहीत, समित्यांच्या बैठका नाहीत, संध्याकाळी दारावर कोणी नाही. आता वर्षानुवर्षे बाजूला पडलेले लिखाण हाती घ्यावे, असे वाटले. मी कपाटातून वह्या काढल्या, टेबल पुसले, पेनात शाई भरली. सकाळी रिकाम्या चर्चमध्ये एकट्याने मिस्सा अर्पण करायची, फोनवर मृत्यूच्या बातम्या ऐकायच्या आणि मग त्या टेबलापाशी येऊन बसायचे. पुढील कित्येक महिन्यांत माझ्या हातून एकही धड पान लिहून झाले नाही. वेळ होता, लिहिणारा मात्र जागेवर नव्हता.

घरांना आशीर्वाद देण्यासाठी धर्मग्रामात फिरत असताना एक वाक्य मी फार वेळा ऐकले आहे : 'फादर, घराची घडी जरा बसू दे, मग पुन्हा सुरू करीन.' कोणी पूर्वी गीते रचीत असे, कोणी नाताळसाठी नाटुकली लिही, कोणी चित्रे काढी, कोणी व्हायोलिन वाजवी. मग लग्न झाले, मुले झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, नोकरीत बदली झाली. घडी बसते आणि पुन्हा विस्कटते. या माणसांना मी आजवर 'वेळ काढा' असा सल्ला देत आलो होतो. वेळ हाती असूनही रिकामा राहिल्यावर तो सल्ला किती उथळ होता, हे मला कळले.

त्याच बंद दिवसांत मी फ्लॅनरी ओ'कॉनर या अमेरिकन कॅथलिक कथालेखिकेची पत्रे वाचली. तिची मैत्रीण सॅली फिट्झजेरल्ड हिने ती संपादित करून १९७९ साली प्रसिद्ध केली होती. कथा मी पूर्वी वाचल्या होत्या. त्यांतील हिंसेने बिचकून त्या बाजूलाही ठेवल्या होत्या. पत्रे वाचून झाल्यावर त्या कथांकडे पुन्हा वळलो. जीवनाची घडी विस्कटल्यावर निर्मितीचा नेम टिकतो कसा, आणि तो टिकतो तेव्हा नेमके काय टिकते, या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने या लेखिकेचा विचार मी येथे करणार आहे.

*

फ्लॅनरीचा जन्म २५ मार्च १९२५ रोजी, म्हणजे देवदूताने पवित्र मरियेला संदेश दिल्याच्या सणादिवशी, जॉर्जिया राज्यातील सवाना या शहरी झाला. घराणे आयरिश वंशाचे व कॅथलिक; भोवतालचा मुलूख प्रॉटेस्टंटांचा, त्यातही बायबल हाती घेऊन गावोगाव गर्जणाऱ्या उपदेशकांचा. ती १५ वर्षांची असताना, १९४१ साली, तिचे वडील ल्यूपस या व्याधीने वारले. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटावी, अशी ही व्याधी आहे. पुढे फ्लॅनरी आयोवा विद्यापीठाच्या लेखनशाळेत दाखल झाली आणि १९४७ साली तेथील पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडली. नंतर न्यूयॉर्कमध्ये, आणि पुढे कनेटिकट राज्यात फिट्झजेरल्ड कुटुंबाच्या घरी राहून ती आपली पहिली कादंबरी लिहीत होती. आपले लेखन जगायचे असेल तर आपण गावापासून दूरच राहिले पाहिजे, अशी त्या वयात तिची धारणा होती.

१९५० च्या डिसेंबरात नाताळसाठी ती आगगाडीने घरी निघाली. गाडीतून उतरेपर्यंत तिची प्रकृती साफ ढासळली होती. पुढचे कित्येक महिने रुग्णालयात गेले. वडिलांना नेणाऱ्या व्याधीनेच तिलाही गाठले होते. आई रेजिना हिने ते नाव लेकीपासून लपवून ठेवले. आपल्याला संधिवात झाला आहे, असेच फ्लॅनरी समजत होती. १९५२ च्या उन्हाळ्यात सॅलीने तिला खरे काय ते सांगितले. तोपर्यंत तिची 'वाइज ब्लड' ही कादंबरी त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रसिद्धही झाली होती. तिच्या हस्तलिखितावरचे संस्कार तिने आजारपणातच केले होते.

जिना चढणे अशक्य झाल्यामुळे मायलेकी मिलेजव्हिल गावाबाहेरील 'अँडलूसिया' या शेतीवाडीवर राहायला गेल्या. तेथे दुभत्या गाईंचा व्यवसाय होता व तो रेजिना सांभाळीत असे. फ्लॅनरीची खोली तळमजल्यावर होती. दूर राहूनच लिहिता येईल, असे मानणाऱ्या लेखिकेला पंचविशीत आईच्या घरी परत यावे लागले आणि उरलेले सारे आयुष्य तिने तेथेच काढले. तिच्या नावावरील दोन्ही कादंबऱ्या आणि बहुतेक सर्व महत्त्वाच्या कथा या परतण्यानंतर प्रकाशित झालेल्या आहेत.

तिचा दिवस असा असे. सकाळची प्रार्थना. शक्य असेल तेव्हा गावातील सेक्रेड हार्ट चर्चमध्ये मिस्सा. नऊच्या सुमारास टेबलापाशी, ते दुपारपर्यंत. टेबल खिडकीसमोर नव्हते. बसल्यावर समोर कपाटाची कोरी पाठ येईल, असे ते मांडलेले होते. दुपारी विश्रांती, पाहुणे, पत्रे आणि अंगणातील मोर. मोर पाळण्याचा तिला भारी नाद होता. रात्री निजण्यापूर्वी वीसेक मिनिटे संत थॉमस अक्वायनस यांचा ग्रंथ, मग रात्रीची प्रार्थना, आणि लवकर झोप.

१९५७ साली एका लेखिका मैत्रिणीला तिने लिहिलेल्या पत्रात या नेमामागचा विचार स्पष्ट झाला आहे. लेखनाच्या नेमावर आपला पूर्ण विश्वास आहे. अलौकिक प्रतिभावंतांना त्यावाचून चालत असेल, पण आपल्यासारख्या बहुतेकांजवळ असते ती केवळ गुणवत्ता, आणि तिला नेमाचा आधार लागतोच, असा त्याचा आशय. ती पुढे कळवते की आपण दिवसाला दोन तासच लिहितो, कारण अंगात शक्तीच तेवढी आहे. मात्र ते दोन तास, त्याच वेळी व त्याच जागी, कशाच्याही स्वाधीन करीत नाही. कधी महिनोन्महिने केलेले काम फेकून द्यावे लागते, तरी तो काळ वाया गेला असे तिला वाटत नाही.

या पत्रातील दोन तास मला फार महत्त्वाचे वाटतात. आपण नेम ठरवतो तो आपल्या निरोगी, मोकळ्या, काल्पनिक स्वरूपासाठी. पहाटे चारला उठणारा, रोज दहा पाने लिहिणारा असा एक माणूस आपण मनात उभा करतो आणि चौथ्या दिवशी तो कोसळला की नेमच सोडून देतो. फ्लॅनरीने आपल्या खऱ्या शरीराकडे पाहून नेम ठरवला. बळ किती उरले आहे याचा तिने खोटा हिशेब मांडला नाही आणि उरले आहे तेवढ्याचा हिशेब कधी चुकवला नाही.

*

या लेखिकेविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. दोन्ही मला अपुरी वाटतात.

पहिले मत आपल्या भाविक मंडळींना प्रिय आहे : दुःखाने तिला लेखिका बनवले, आजार हीच तिला मिळालेली कृपा. क्रूसाच्या छायेत वाढलेल्या आपल्या मनाला हे पटकन रुचते. परंतु वस्तुस्थिती तसे सांगत नाही. 'वाइज ब्लड'चे काम आजाराच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. तिचे शिक्षण, वाचन, वाक्य पुन्हा पुन्हा घासण्याची चिकाटी हे सर्व आगगाडीतील त्या प्रवासापूर्वीच तिच्यापाशी होते. दुःख हात थरथरवते, ते हाताला कसब देत नाही. ज्यांच्याजवळ आधीचा नेम नसतो त्यांना आजार बहुधा केवळ थकवून जातो.

ती स्वतः या मताच्या किती बाहेर होती, याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५५ पासून ती कुबड्यांच्या आधाराने चालत होती. १९५८ साली आप्तांच्या आग्रहावरून आईसमवेत ती लुर्दच्या यात्रेला गेली. तेथील झऱ्यापाशी तिने काय मागितले? आपल्या हाडांसाठी नव्हे, तर हाती असलेल्या कादंबरीसाठी आपण प्रार्थना केली, असे तिने नंतर एका पत्रात कळवले. ती कादंबरी, 'द व्हायोलंट बेअर इट अवे', १९६० साली प्रसिद्ध झाली. आजाराला कवटाळून बसलेल्या व्यक्तीची ही प्रार्थना नव्हे. ही एका कामकरी बाईची प्रार्थना आहे.

दुसरे मत आधुनिक आहे : सारे रहस्य वेळापत्रकात आहे. तीच वेळ, तीच जागा, तेच टेबल. बाकी काही नको. हेही अर्धेच खरे. कारण वेळापत्रक मोडते. फ्लॅनरीचेही मोडले. १९६४ च्या फेब्रुवारीत तिच्यावर एक शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिच्यामुळे बरीच वर्षे आटोक्यात असलेला ल्यूपस पुन्हा उसळला. उन्हाळ्यात ती अटलांटाच्या रुग्णालयात होती. ना टेबल, ना ती सकाळ, ना कपाटाची कोरी पाठ. तरीही ती लिहीत होती. डॉक्टर मनाई करतील या भीतीने तिने कागद उशीखाली लपवून ठेवले होते. वेळापत्रक हेच जर सर्वस्व असते, तर त्या खाटेवर काहीच घडायला नको होते.

मग टिकले ते काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी संत थॉमस यांची 'हॅबितुस' ही संज्ञा आम्हाला शिकवली गेली. आम्ही सर्वांनी वहीत त्यापुढे 'सवय' असे लिहून घेतले. आज मला वाटते की तो शब्द चुकला. सवय चहाची असते, तपकिरीची असते. ती बाहेरच्या परिस्थितीला बांधलेली असते व परिस्थिती बदलली की माणूस कासावीस होतो. संत थॉमस ज्याविषयी बोलतात त्याला मराठीत अधिक चांगला शब्द आहे : वळण. आपण म्हणतो, अक्षराला वळण आहे, मुलीला चांगले वळण लावले आहे. कागद बदलला, बोरू जाऊन पेन आले, तरी अक्षराचे वळण जात नाही. दुसऱ्याचा रंधा हाती आला तरी कसलेला सुतार लाकडाची रेषा ओळखतोच. पुष्कळ पुनरावृत्तीने जे येते, पण आल्यावर पुनरावृत्तीवर अवलंबून राहत नाही, ते वळण.

फ्लॅनरीला ही कल्पना ठाऊक होती. फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ जाक मारितँ यांच्या कला आणि स्कोलास्टिक विचार यांवरील पुस्तकातून तिने ती घेतली आणि आपल्या व्याख्यानांत व निबंधांत वारंवार मांडली. कला हे कलावंताच्या सबंध व्यक्तिमत्त्वात मुरलेले वळण आहे, असे ती मानीत असे. दोन तासांचा नेम हे ते वळण लागण्याचे आणि राखण्याचे साधन होते. साधन मोडले तेव्हा वळण उरले. माझ्या टेबलापाशी २०२० साली वेळ होता आणि वळण नव्हते, हेही मला त्या उजेडात दिसले.

*

हे केवळ चरित्रावरून म्हणणे पुरेसे नाही. लिखाणातच त्याचा पुरावा हवा. तो सुदैवाने आहे.

तिची पहिली प्रकाशित कथा 'द जिरेनियम' १९४६ साली आली. दक्षिणेतला एक म्हातारा, डडली, लेकीच्या आग्रहावरून न्यूयॉर्कमधील तिच्या घरी राहायला आला आहे. त्याचा जीव तेथे रमत नाही. समोरच्या इमारतीच्या खिडकीत रोज ठेवली जाणारी जिरेनियमची कुंडी पाहणे, हा त्याचा एकमेव विरंगुळा. शेजारी एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहायला येतो. जिन्यात अडखळलेल्या म्हाताऱ्याला तो हात देऊन वर आणतो, त्याच्याशी ममतेने बोलतो. आणि ज्याला आपण आपल्याहून हलका समजतो त्याच्या हातची मदत घ्यावी लागली, म्हणून म्हातारा मोडून पडतो. शेवटी कुंडी सहा मजले खाली पडून फुटलेली दिसते. कथा नीटनेटकी आहे, चतुर आहे; पण विद्यार्थिदशेतली आहे. उपटलेले रोप म्हणजे उपटलेला म्हातारा, हे प्रतीक वाचकाला जरा जास्तच सहज सापडते.

ही कथा तिने सोडली नाही. मध्यंतरी तिचे निराळे रूप लिहून पाहिले, आणि मृत्यूच्या उन्हाळ्यात पुन्हा हाती घेतली. 'जजमेंट डे', म्हणजे न्यायाचा दिवस, या नावाने ती १९६५ साली, तिच्या मृत्यूनंतर निघालेल्या संग्रहात आली. आता म्हाताऱ्याचे नाव टॅनर आहे. कुंडी नाहीशी झाली आहे. तिच्या जागी आला आहे म्हाताऱ्याचा देह, आणि त्या देहाचे पुढे काय होणार हा प्रश्न. आपण मेलेले आढळलो तर आपल्याला जॉर्जियातील कोरिंथ गावी कोलमन या कृष्णवर्णीय सोबत्याकडे पाठवावे, अशी चिठ्ठी त्याने खिशाला टाचली आहे. तो गाव सोडून आला तो अहंकारापायी. तो राहत असलेली जमीन एका मिश्रवर्णीय डॉक्टरने विकत घेतली आणि त्याच्या हाताखाली राबण्यापेक्षा टॅनरने परमुलुख पत्करला. आता त्याला त्याचा पश्चात्ताप होतो आहे. जिन्यातील शेजारीही आता दयाळू नाही. टॅनरच्या सलगीतला अपमान त्याला नेमका कळतो आणि तो संतापाने उत्तर देतो. म्हातारा जिन्यातच मरतो. पण मरतानाच्या संभ्रमात त्याला वाटते की आपली शवपेटी गावच्या स्टेशनात उतरली आहे आणि आपण तिच्यातून उठतो आहोत. लेक त्याला प्रथम न्यूयॉर्कमध्येच पुरते. मग तिला रात्री झोप लागेना, म्हणून ती त्याला उकरून काढते आणि कोरिंथला पाठवते.

दोन कथांमध्ये १८ वर्षे आहेत. पहिल्या कथेत म्हाताऱ्याची कीव येते. दुसरीत त्याचा न्याय होतो, आणि तो होताहोताच त्याच्यावर दयाही होते. पहिलीत घर म्हणजे गेलेला काळ, दुसरीत घर म्हणजे पुनरुत्थानाची आशा. लेखिकेला नवा विषय सापडलेला नाही. तिने तोच विषय आपल्या वाढलेल्या समजुतीने पुन्हा घडवला आहे. नेमाचे खरे फळ हेच, असे मला वाटते. नेमाने लिहिणाऱ्याची पाने वाढतात, हे तर खरेच. पण जुन्या पानाकडे परत जाण्याचे धैर्यही त्याच्या ठायी येते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जी बाई आपल्या दोन तासांना कोणाला स्पर्श करू देत नव्हती, तिच्या कथांमध्ये देवाची कृपा येते ती मात्र बहुधा व्यत्यय होऊन. 'रेव्हेलेशन' ही १९६४ ची कथा पाहा. मिसेस टर्पिन ही टापटिपीची, नेमस्त, चर्चला जाणारी शेतकरीण दवाखान्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली आहे. मनातल्या मनात ती माणसांची उतरंड लावते : कोण वर, कोण खाली, आणि आपल्याला देवाने किती योग्य जागी ठेवले आहे! एवढ्यात कोपऱ्यात वाचत बसलेली एक मुलगी हातातले पुस्तक तिच्या तोंडावर भिरकावते आणि तिला नरकातले डुक्कर म्हणते. संध्याकाळी डुकरांच्या खुराड्यापाशी ही बाई देवाला जाब विचारते. तेव्हा तिला आकाशात स्वर्गाकडे चाललेली मिरवणूक दिसते. तिने तुच्छ मानलेले सारे पुढे नाचतगात चालले आहेत. तिच्यासारखी सभ्य माणसे शिस्तीत, सुरात, पण सर्वांच्या मागे. आणि त्यांचे सद्गुणदेखील जळून जात आहेत.

नेमस्तपणावर याहून कठोर टीका मी वाचलेली नाही, आणि ती एका नेमस्त लेखिकेने केली आहे. यात विसंगती नाही. मिसेस टर्पिनचा नेम तिला स्वतःवर खूश ठेवतो. लेखिकेचा नेम तिला रोज एका अशा कामासमोर बसवतो, जे तिच्या मर्जीने वाकत नाही. एका नेमाने दार बंद होते. दुसरा नेम पाळणारा माणूस दार ठोठावले जाईल तेव्हा घरी सापडतो.

*

येथे थांबलो तर हा लेख स्तुतिपाठ ठरेल, आणि ते सत्याला धरून होणार नाही.

फ्लॅनरीच्या खाजगी पत्रांत कृष्णवर्णीयांविषयी असे उद्गार आहेत की ते वाचताना मान खाली जाते. जेम्स बॉल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाला जॉर्जियात भेटण्यास तिने १९५९ साली नकार दिला. न्यूयॉर्कमध्ये भेट आवडली असती, पण आपल्या गावी ती शक्य नाही, अशी तिची भूमिका होती. १९६४ च्या एका पत्रात, आपण तत्त्वाने समतेच्या बाजूच्या असलो तरी आवडीने नाही, अशा आशयाचे ती लिहिते. २०२० साली या पत्रांची मोठी चर्चा झाली, आणि मेरीलँडमधील लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून तेथे कृष्णवर्णीय कॅथलिक धर्मभगिनी थिया बोमन यांचे नाव दिले.

ज्या लेखणीने 'रेव्हेलेशन' लिहिले तिनेच ही पत्रेही लिहिली, याचा अर्थ कसा लावायचा? संत थॉमस येथेही उपयोगी पडतात. कला हे वळण खरे, ते म्हणतात, पण ते घडवलेल्या वस्तूचे भले पाहते, घडवणाऱ्याचे नव्हे. सुरी चांगली झाली की लोहाराची कला सिद्ध झाली. लोहाराच्या मनाची शुद्धता त्यातून सिद्ध होत नाही. माणसाच्या स्वतःच्या वागण्याला योग्य दिशा देणारे वळण निराळे, त्याला ते सुज्ञता म्हणतात, आणि तेही निराळे कमवावे लागते. फ्लॅनरीच्या कथा तिच्यापेक्षा अधिक जाणतात. मिसेस टर्पिनची उतरंड लेखिकेच्या स्वतःच्या मनातही होती. तिच्यावर पुस्तक भिरकावण्याचे धैर्य तिला कथेत झाले, पत्रांत झाले नाही. आपण हे लक्षात ठेवावे. उतरंडी लावणारी मने आपल्याकडेही आहेत, आणि रोज मिस्सेला येणे व उत्तम गाणे, दोन्ही करूनही ती तशीच राहू शकतात.

दुसरा प्रश्न त्याहून घरगुती आहे. ते दोन तास कोणी सांभाळले? दूधव्यवसाय, हिशेब, पाहुणे, औषधे, हे सारे रेजिना पाहत होती, आणि वाडीवर कृष्णवर्णीय मजूर राबत होते. ॲलिस वॉकर ही लेखिका तिथून जवळच, कुळाने शेती कसणाऱ्या गरीब कुटुंबात वाढली. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तिने लिहिले आहे की मोठेपणी ती दोन्ही घरे पाहायला आईसह गेली, तेव्हा फ्लॅनरीचे घर कोणीतरी जपलेले होते आणि तिचे स्वतःचे बालपणीचे घर कुजत पडले होते. वॉकरला फ्लॅनरीची थोरवी मान्य आहे; त्या दोन घरांमधील अंतरही ती विसरू देत नाही. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको. पसारा आवरणारे दुसरे कोणी नसताना, मुलाबाळांत आणि आल्यागेल्यांत लक्ष्मीबाई टिळकांनी आपली भाषा कमावली होती. आपल्या घरात कोणाचा नेम पाळला जातो आणि तो कोणाच्या पाठीवर उभा आहे, हे आपण कधीतरी विचारायला हवे. मुलाचा गाण्याचा सराव सुरू असताना दार लावून घेणारी आई स्वतः कधीकाळी काय करीत असे?

*

फ्लॅनरीच्या शेवटच्या महिन्यांकडे पुन्हा वळतो. रुग्णालयातून घरी आल्यावर तिला दिवसाकाठी तासभर काम करता येऊ लागले. तो एक तास आपण मेजवानीसारखा चाखूनमाखून घेतला, असे तिने एका पत्रात कळवले आहे. ७ जुलै १९६४ रोजी तिने स्वतःहून मागणी करून रुग्णाभ्यंगाचा संस्कार घेतला. 'जजमेंट डे' आणि 'पार्कर्स बॅक' या दोन कथांवर ती अखेरपर्यंत हात फिरवीत होती. ३ ऑगस्ट रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, मिलेजव्हिलमध्ये ती प्रभुचरणी विलीन झाली. १९७१ साली निघालेल्या तिच्या समग्र कथासंग्रहाला पुढच्या वर्षी अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला.

तीन तासांचे दोन, दोनाचा एक; नेम आक्रसत गेला, तुटला नाही. तिच्यापासून घेण्यासारखे आहे ते हे. घडी बसण्याची वाट पाहू नये. विस्कटलेल्या घडीत जेवढे उरते, अर्धा तास का होईना, तेवढ्याला जागा व वेळ नेमून द्यावी आणि निष्फळ दिवशीही तेथे जाऊन बसावे. पाने फेकून द्यावी लागली तरी चालेल. वळण फेकलेल्या पानांतूनच लागत असते.

अलीकडे मी सकाळच्या मिस्सेनंतर अर्धा तास लिहायला बसतो. कपाटाची पाठ समोर नाही. माझी खिडकी चर्चच्या अंगणाकडे उघडते. काही दिवशी दार वाजते. कोणाचे वडील रात्री गेलेले असतात, कोणाला रुग्णालयात बोलावणे आलेले असते. मी पेन ठेवून उठतो. दाराशी आलेल्या माणसाला व्यत्यय मानावे, असे मला फ्लॅनरीने शिकवलेले नाही. तिच्या कथा उलटेच शिकवतात. मात्र पूर्वी असा एक दिवस मोडला की मी महिनाभर वही उघडत नसे. आता दुसऱ्या दिवशी, मिस्सेनंतर, ती त्याच पानावर उघडतो.